फुकट खजिन्यावरील काही हरकती

पूर्वपक्ष प्रथम प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो मांडणारे लोक अज्ञानी नाहीत आणि त्यांतील पुष्कळांचा हेतूही निर्मळ आहे. शिक्षण परिषदांतून, वर्तमानपत्री स्तंभांतून व पालकसभांतून अलीकडे उत्तरोत्तर चढ्या स्वरात जे मत ऐकू येते ते असे की, इंग्रजी शिकवण्यास लागणारी सर्व सामग्री आता आंतरजालावर विनामूल्य पडून आहे. अस्सल उच्चारांच्या ध्वनिफिती, चित्रकथा, व्याकरणाचे खेळ, शब्दकोश, चाचण्या, इतकेच काय, मुलाशी स्वतः संभाषण करणारे यंत्रही ज्याच्या त्याच्या खिशात आहे. सबब खेड्यातील शिक्षकाला स्वतःला इंग्रजी कितपत येते हा प्रश्न गौण झाला असून, त्याने योग्य ती लिंक उघडून पडदा सुरू करावा म्हणजे काम भागते. आणि एवढे असूनही मुलांचे इंग्रजी कच्चे राहिले, तर तो दोष साधने न वापरणाऱ्या शिक्षकाच्या आळसाचा समजावा. या मतातील पहिले विधान बहुतांशी खरे आहे, दुसरे साफ खोटे आहे, आणि तिसरे खोटे असून शिवाय अन्यायाचे आहे.

साधन आले की शिक्षकाची उणीव आपोआप भरून निघते, ही समजूत आंतरजालाबरोबर जन्मलेली नाही. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील शाळांनी भाषा-प्रयोगशाळांवर, म्हणजे कानाला श्रवणयंत्र लावून ध्वनिफितीमागोमाग वाक्ये घोकण्याच्या खोल्यांवर, अलोट पैसा खर्च केला. आणि १९६० नंतरच्या दशकात पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांची पद्धतशीर तपासणी झाली तेव्हा, प्रयोगशाळा असलेल्या व नसलेल्या वर्गांच्या प्रगतीत म्हणण्यासारखी तफावत आढळली नाही. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक स्वस्त संगणक शाळकरी मुलांना वाटले. तेथील तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यातही मुलांच्या भाषेच्या वा गणिताच्या गुणांत वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात मोठ्या उमेदीने उभी राहिलेली बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली, आणि तिच्या हजारो कार्यक्रमांची आठवण आज कोणी काढली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराच्या संदर्भातच निघते.

परंतु दूरचे दाखले कशाला? ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण २०१६ साली २४.७ टक्के होते आणि २०२२ साली २४.५ टक्के होते. उलट ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२२ साली ७४.८ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात महामारीने शाळा बंद होत्या ही गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि फोन नसते तर आकडा याहूनही खाली गेला असता असा युक्तिवाद कोणी केला तर त्यात काही तथ्य असू शकेल. तथापि, यंत्र घरात आल्याने भाषा घरात येते, हे विधान या आकड्यांतून कोणत्याही मखलाशीने निघत नाही.

मूळ दुखणे कोठे आहे ते पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, जून २००० पासून, महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हा वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या जूनमध्ये जे शिक्षक पहिलीच्या वर्गावर होते, ते स्वतः इंग्रजी शिकले होते पाचवीपासून वा त्याहूनही उशिरा, आणि तेही प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ वहीत उतरवून घेत. इंग्रजी बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. भाषा शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर एका हुकमाने आली. भाषा येण्याची तजवीज मात्र काही दिवसांच्या प्रशिक्षणांवर भागवण्यात आली. ही जी उणीव तेव्हा राहिली, तीच आज ‘साधने भरपूर आहेत’ या वाक्याने झाकली जात आहे. आणि माझी खरी हरकत साधनांवर नसून या झाकण्यावर आहे.

आता ही साधने मुळात कोणासाठी निर्माण झाली याचा विचार करू. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत, संथ गतीने वाचल्या जाणाऱ्या बातम्यांचा उपक्रम सुरू केला, बीबीसीचे इंग्रजीचे धडे तर १९४३ पासूनचे. दोन्ही उपक्रम उत्तम, दोघांचाही उपयोग मी मान्य करतो, पण त्यांच्यापुढे श्रोता होता तो सगळ्या जगातला, म्हणजे विशेष असा कोणताच नव्हे. परदेशी संकेतस्थळांवर ‘र’ आणि ‘ल’ यांतील भेद शिकवण्यासाठी जे पाठ आहेत ते जपानी विद्यार्थ्याला संजीवनीसारखे वाटत असतील. आमच्या मुलाला त्यांची काडीमात्र गरज नाही. त्याची अडचण निराळी आहे. नामापूर्वी ‘अ’ की ‘द’ की काहीच नाही, हे त्याला कळत नाही, कारण त्याच्या भाषेत त्या जागी काही नसते. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असे तो म्हणतो, आणि व्ही व डब्ल्यू या दोन अक्षरांच्या ध्वनींत त्याला फरक ऐकू येत नाही. मराठी मुलाच्या या चुका ओळखणारी व्यक्ती वर्गात एकच असते. ती व्यक्ती वर्गशिक्षक होय, आणि तिला मराठी येते हाच तिचा मोठा अधिकार आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. सातवीतल्या मुलीने सहलीवर पाच वाक्ये लिहिली आणि त्यांत ‘वुई डिस्कस्ड अबाउट द पिकनिक’ असे एक वाक्य आले. मुलांसाठीचे एखादे अॅप या ठिकाणी लाल फुली देईल, बरोबर वाक्य दाखवील आणि पुढच्या प्रश्नाकडे वळेल. मुलगीही वळेल, आणि पुढच्या आठवड्यात तेच लिहील. तेच वाक्य घेऊन शिक्षिका ऑक्सफर्डच्या विद्यार्थिकोशाच्या संकेतस्थळावर गेली, तर त्या क्रियापदाखाली अबाउट लावता येत नाही अशी स्पष्ट सूचना तिला मिळते. तिला आणखी जिज्ञासा असेल तर अमेरिकी इंग्रजीच्या ज्या संग्रहात १९९० ते २०१९ या काळातील शंभर कोटींहून अधिक शब्दांचा मजकूर साठवला आहे, त्यात ती दोन्ही रचना शोधू शकते, आणि एकीचे ढीगभर तर दुसरीचे तुरळक दाखले पाहून खातरजमा करू शकते. मग तिच्या ध्यानात येते की नाम असताना अबाउट चालते, क्रियापद असताना चालत नाही, आणि मुलीने ‘सहलीविषयी चर्चा केली’ या मराठी वाक्यातील ‘विषयी’ इंग्रजीत नेले आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारीशेजारी लिहून ती हे चार मिनिटांत समजावते. पडदा लागला नाही, वर्गात जाळेही लागले नाही. साधन आदल्या संध्याकाळी वापरले गेले, आणि वापरणारी ती स्वतः होती.

माझे सर्व प्रतिपादन या एका ठिकाणी उभे आहे. इंग्रजीच्या शिक्षकासाठी आंतरजालावरील जे खरोखर उपयोगी आहे, ते त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचे व तयारीचे साहित्य आहे. वर्गात त्याच्या जागी उभे करावयाचे साहित्य त्या मानाने किरकोळ होय. शब्दकोश, शब्दसंग्रह, उच्चार ऐकवणारी स्थळे ही दिसायला रूक्ष असतात, त्यांत ना संगीत ना नाचणारी अस्वले, म्हणून प्रदर्शनात ती मांडली जात नाहीत. यूग्लिश नावाच्या स्थळावर ‘डेव्हलप’ हा शब्द टाकला तर निरनिराळ्या खऱ्या भाषणांतून तो शब्द उच्चारणारे एकामागून एक वक्ते ऐकू येतात, आणि आपण जन्मभर पहिल्या अवयवावर दिलेला आघात दुसऱ्यावर हवा होता हे कानालाच पटते. असे रोज दोन शब्द ऐकणारा शिक्षक वर्षअखेरीस निराळा शिक्षक झालेला असतो, आणि त्याचा लाभ पुढच्या वीस तुकड्यांना होतो.

या जातीच्या साधनांत माझे विशेष प्रेम ज्याच्यावर आहे, त्याचे कूळ हिंदुस्थानातले आहे. मायकेल वेस्ट हा इंग्रज अधिकारी ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात असताना बंगाली मुले इंग्रजी वाचताना कोठे अडतात याचा शोध घेत होता, आणि १९२६ साली त्याचे त्यावरील पुस्तक निघाले. प्रत्येक पाठात नव्या शब्दांचा भार किती असावा याला काही हिशेब हवा, हा त्याचा आग्रह. त्यातूनच पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार मूळ शब्दांची त्याची सुप्रसिद्ध यादी प्रसिद्ध झाली. आज ती यादी कोणालाही उतरवून घेता येते. शिवाय ‘लेक्सट्यूटर’ नावाच्या स्थळावर एक अशी सोय आहे की, पाठ्यपुस्तकातील उतारा तेथे चिकटवला तर यादीच्या पहिल्या हजारांतील शब्द निळे, दुसऱ्या हजारांतील हिरवे, शास्त्रीय लेखनातले पिवळे आणि यादीबाहेरचे तांबडे होऊन समोर येतात. बालभारतीचा एखादा धडा असा रंगवून पाहावा. ज्या शिक्षकाने वीस वर्षे तोच धडा ‘अवघड आहे’ एवढ्या मोघम शब्दांत वर्णिला, त्याला तो नेमका कोठे अवघड आहे हे प्रथमच दिसते.

पण पाहा, येथेही यंत्र अर्ध्या वाटेवर थांबते. मँगो आणि पीकॉक हे शब्द ते तांबडे दाखवते, कारण वेस्टची यादी आंब्यामोरांच्या देशात जन्मली तरी त्यांची दखल घेत नाही, तिच्यात संगणकसुद्धा नाही. आणि आमच्या मुलाला मँगो पहिलीच्याही आधी, सरबताच्या बाटलीवरून, ठाऊक असतो. उलट गेट, पुट, टेक हे निळे शब्द यंत्राच्या लेखी सर्वांत सुलभ, आणि मुलाच्या लेखी सर्वांत दुर्घट, कारण त्यांच्यामागे एखादे अप, ऑफ वा आउट आले की अर्थ कोठच्या कोठे जातो. रंग यंत्राने दिला. तो वाचायचा कसा, हे इंग्रजी व मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसानेच ठरवायचे. शिक्षकाला इंग्रजी कितपत येते हा प्रश्न गौण झाला असे म्हणणाऱ्यांनी या तांबड्या-निळ्याचा उलगडा इंग्रजी न येणारा शिक्षक कसा करील, ते सांगावे.

यावर हमखास उत्तर येते ते असे की, आता २०२२ च्या अखेरीपासून जी बोलकी यंत्रे आली आहेत ती हा उलगडाही करतील. करतात, पुष्कळदा चांगला करतात. पाठातील दहा शब्द देऊन पाचवीच्या मुलांसाठी सोपी गोष्ट लिही असे चॅटजीपीटीस सांगितले तर अर्ध्या मिनिटात गोष्ट हजर होते, आणि ही सोय मी तुच्छ लेखत नाही. परंतु त्या गोष्टीत पाचवीला न झेपणारी वाक्ये आली, व्याकरणाचा एखादा नियम चुकीचा पण ठाम स्वरात सांगितला गेला, तर ते पकडणार कोण? कच्च्या शिक्षकाच्या हाती असे यंत्र आले तर तो त्याचे फर्मान निमूटपणे फळ्यावर उतरवील; पक्क्या शिक्षकाच्या हाती आले तर तो त्यास कारकुनासारखे राबवील आणि मसुद्यावर आपली लेखणी फिरवील. सबब यंत्र जितके हुशार, तितकी शिक्षकाला इंग्रजी येण्याची निकड अधिक.

विरुद्ध टोकाच्या मंडळींना दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण माझे म्हणणे आपल्याच बाजूचे आहे असा त्यांचा समज होण्याचा संभव आहे. खडू, फळा आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांपलीकडे इंग्रजीला काही लागत नाही, असे म्हणणारे जुने गुरुजन विसरतात की तर्खडकरांची पाठमाला हेही आपल्या काळचे एक साधनच होते, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश घरी असणे हे एके काळी भाग्यवंतांच्या वाट्यास येणारे वैभव होते. जे कोश पूर्वी तालुक्याच्या ग्रंथालयातही मिळत नसत, ते आज धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत उघडता येतात. याचा आनंद ज्याला होत नाही, त्याच्याशी माझा वाद नाही आणि मैत्रीही नाही.

मुलांच्या हाती थेट देण्यासारखे काहीच नाही असेही मी म्हणत नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरील सचित्र गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, त्या उतरवून, छापून, भाषांतर करून वाटण्याची खुली मुभा आहे, आणि एकच गोष्ट मराठीत व इंग्रजीत शेजारी ठेवता येते. छापता येणे हा गुण मला मोठा वाटतो. कागद वीज मागत नाही. शिवाय परक्याच्या मर्जीवर चालणाऱ्या साधनाचा भरवसा किती धरावा, याचा धडा २०२५ च्या मार्चमध्ये मिळाला: अमेरिकी शासनाचा एक आदेश निघाला आणि ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे कर्मचारी रातोरात घरी बसवले गेले. ज्यांनी त्या संथ बातम्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या त्यांच्यापाशी त्या राहिल्या. ज्यांच्यापाशी फक्त लिंक होती त्यांनी समजून घ्यावे.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील सामान्य शाळांत इंग्रजीचा जो प्रयोग केला, त्यात मुलांना व्याकरण न शिकवता रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, हिशेब यांवरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला दिले जात, आणि साधन म्हणाल तर फळा होता. पुढे त्यांनी असे मांडले की सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. आपण करतो त्याने मुले शिकत आहेत अशी शिक्षकाची स्वतःची जी जिवंत प्रतीती, तीच अध्यापनाचा प्राण होय. वेळापत्रक आता मोबाईलवर मिळते, छापील पानाची गरज नाही. पण ‘कोल्हापूरहून दुपारी निघून रात्री मुंबईस पोहोचता येईल का’ हा प्रश्न कोणत्या मुलाला कोणत्या शब्दांत विचारावा, हे ज्याला सुचते तो शिक्षक तेव्हाही लागत होता आणि आजही लागतो.

उरला प्रश्न आळसाच्या आरोपाचा. ज्या शिक्षकाकडे दोन वा तीन इयत्ता एकत्र आहेत, ज्याचा एकुलता ऑफ तास बदली तासावर जातो, ज्याच्या मोबाईलवर दिवसभर पोषण आहाराची माहिती, हजेरीची माहिती आणि अमुक लिंक आजच भरून द्यावी असे तगादे येत असतात, त्याने शब्दकोश केव्हा उघडावा? गटावर वीस लिंका टाकून त्यांची पोच मागणे यास प्रशिक्षण म्हणत असतील तर शब्दांना काही अर्थ उरला नाही. दीक्षा या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रम शिक्षकांनी पूर्ण केल्याची टक्केवारी दप्तरी जमा होते. त्या अभ्यासक्रमानंतर शिक्षकाच्या तोंडून एक इंग्रजी वाक्य अधिक निघाले की नाही, हा रकाना त्या तक्त्यात कोठे दिसत नाही. याउलट २०१६ पासून ‘तेजस’ प्रकल्पात राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांनी शिक्षकांचे जे छोटे अभ्यासगट बांधले, त्यांची कल्पना मला अचूक वाटते: परिसरातील शिक्षकांनी ठरावीक दिवशी एकत्र बसावे, एखादे साधन स्वतः वापरून पाहावे, इंग्रजीत चुकतमाकत बोलावे, आणि चुकण्याची लाज आपल्याच बरोबरीच्या माणसांत सोडावी.

तेव्हा शिक्षण खात्यास विनंती अशी की, शाळांसाठी आणखी एक पडदा खरेदी करण्याची निविदा काढण्यापूर्वी इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास त्याच्या स्वतःच्या इंग्रजीसाठी लेखी राखून ठेवावेत, ते तास बदलीवर लावण्यास मुख्याध्यापकांना मनाई करावी, आणि त्या तासांचा अहवाल, छायाचित्र वा लिंक कोणीही मागू नये.